मारुतीच्या गल्लीतली हाक

३० डिसेंबर, सोमवार. येळवस.

शेत नाही तरी येळवस, शेतात पूजा करून जेवायची ही अमावस्या, चुकवत नाही. घरातच भज्जी, आंबील, उंडे केले आणि एक डबा रिबका सिस्टरांकडे नेला. त्यांची नजर आता पार गेली. काचबिंदू. दिवाळीपर्यंत माणूस उभा आहे एवढं तरी दिसायचं, आता खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढंच कळतं.

डबा मांडीवर घेऊन म्हणाल्या, "जगदेवी, पोटाचं तू बघतेस. पण मला भूक दुसरीच लागली गं." उशीखालून त्यांचं शास्त्र, बायबल, काढलं. जाड, काळं, पाठीला कापडाची पट्टी चिकटवलेलं. "तासभर वाचून दाखवशील का रोज? माझ्या पुतण्यानं, दावीदनं, मोबाईलवर लावून दिलंय. पण तो बाबा बातम्या दिल्यासारखा वाचतो."

नाही कसं म्हणणार? लेकीच्या, शिवप्रियाच्या वेळी मी दीड दिवस अडले होते. त्या दवाखान्यात नर्स असलेल्या ह्या बाई ड्यूटी संपल्यावरही घरी गेल्या नाहीत, माझा हात धरून बसल्या. चौदा वर्षं झाली. तेव्हापासून दर थंडीला पोरीला एक विणलेला स्वेटर. सख्खी आत्या करणार नाही एवढं केलं.

घरी सांगितलं. हे डेपोतून नुकतेच आले होते, कंडक्टरची बॅग अजून खांद्यालाच. म्हणाले, "वाच की. वाचून कुणी बाटत न्हाय." मग हात धुता धुता, "पन दार उघडं ठिवून वाच."

३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी लिंगपूजा केली, मग चार वाजता त्यांच्याकडे. इष्टलिंग गळ्यात आणि त्यांचं शास्त्र हातात, जरा अवघड वाटलं. सिस्टरांनीच ओळखलं. "तुझा देव तुझ्यापाशी राहू दे. माझा काय रागावत न्हाय."

स्तोत्रं वाचली. मला वाटलं होतं नुसती स्तुती असेल. पण ती लिहिणारा माणूस देवाशी भांडतोय. कुठं लपलास, किती दिवस तोंड फिरवून बसणार, असं तोंडावर विचारतोय. असं बोललेलं चालतं का, मी विचारलं. सिस्टर हसल्या. "त्याला खोटं बोललेलं चालत न्हाय. भांडलेलं चालतं."

९ जानेवारी, गुरुवार

आज वाचता वाचता मी मधेच थांबले.

लाजर नावाच्या माणसाची गोष्ट. आजारी पडला म्हणून बहिणींनी येशूला निरोप धाडला, तर हा दोन दिवस मुद्दाम तिथंच थांबला. पोचला तेव्हा लाजरला पुरून चार दिवस झाले होते. मार्था नावाची बहीण सामोरी येऊन म्हणते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ गेला नसता.

हे वाक्य माझं आहे. सहा वर्षांची होते तेव्हापासून माझं आहे. फक्त भाऊ नाही, बहीण.

कधी लिहून काढलेलं नाही, आज लिहिते. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी मी मुरूमला मामांकडे होते, गणपती बघायला. गायत्रीअक्काची शाळा होती म्हणून तिला पाठवलं नाही. अप्पा, अव्वा (आईला आम्ही अव्वाच म्हणायचो) आणि अक्का, घरातली तिघंही दगडमातीच्या माळवदाखाली गेली. आमच्यात पुरतात, बसवून. पण तेव्हा सगळ्या गावाला एकत्रच अग्नी दिला. अक्का अकरा वर्षांची होती. कल्याणप्पा मामांनी मला वाढवलं, आणि मी कधीही विचारलं की एकच सांगितलं, "झोपंत गेली बाळ. तिला कायबी कळलं न्हाय." ह्या एका वाक्यावर मी शाळा शिकले, लग्न केलं, पोर वाढवली.

सिस्टरांनी विचारलं, "का थांबलीस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला... लई त्रास झाला का गं?"

"न्हाय सिस्टर. झोपेतच गेली."

त्यांनी पुस्तक मिटायला सांगितलं. मग पाणी मागितलं आणि ग्लास हातातून सुटला. साखर कमी झाली असावी. गूळ दिला.

आणि एक विचारायचं राहिलं. त्या लाजरला उठवलं ते बरंच केलं. मग आमच्या गावात का नाही आला?

२१ जानेवारी, मंगळवार

लूकचं पुस्तक चालू आहे. दहावा अध्याय अर्धा झाला आणि सिस्टर म्हणाल्या, "पुढचं सोड. अकरावा काढ."

"थोडंच राहिलंय."

"पाठ आहे मला ते. सोड."

पाठ तर त्यांना सगळंच आहे. म्हातारपणी लहर असते माणसाची.

४ फेब्रुवारी

दळणाच्या गिरणीत एक बाई म्हणाली, "काय जगदेवी, आता येशूचं का?" मी म्हटलं, म्हातारीला वाचून दाखवते. ती म्हणाली, "सुरवात अशीच असती." घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मलापण डेपोत विचारलं. मग दोघंही जेवायला बसलो. बंद कर असं म्हणाले नाहीत. चालू ठेव असंही नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

उपास. तरी वाचायला गेले. त्यांच्या चर्चचे पाळक आले होते, प्रभुभोजनाचा प्रसाद द्यायला. द्राक्षरसाची छोटी बाटली आणि भाकरीचे तुकडे डब्यात आणलेले. सिस्टरांनी हात जोडले, "नको. माझं चाललंय ते बरंय." पाळक माझ्याकडे बघून म्हणाले, "मी इथं आलो तवापासून बघतोय, एकदाबी घेतलं न्हाय. चर्चला येत होत्या तवा शेवटच्या बाकावर बसायच्या आन् वाटप सुरू झालं की उठून जायच्या."

ते गेल्यावर मी विचारलं. म्हणाल्या, "मला द्राक्षाचं सोसत न्हाय." दर उन्हाळ्यात मी द्राक्षं नेते. आवडीनं खातात.

७ मार्च, शुक्रवार

मी चूक केली. किंवा केली नाही, माहीत नाही.

आज त्यांना डुलकी लागली होती. पुस्तक माझ्या मांडीवर. सोडलेला तो तुकडा काय आहे म्हणून दहावा अध्याय काढला आणि सवयीनं मोठ्यानंच वाचू लागले. एका माणसाला चोरांनी मारून रस्त्यात टाकलेलं असतं. एक याजक येतो, बघतो आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं निघून जातो. मग एक लेवी, देवळातलाच सेवक, तोही तसाच. जो थांबून त्याला उचलतो, त्या परक्या शोमरोन्यापर्यंत मी पोचलेच नाही. सिस्टर उठून बसल्या होत्या. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

"दुसऱ्या कडेनं," त्या म्हणाल्या. "जगदेवी, दार लाव."

चौदा वर्षांत मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमची गाडी तुमच्या गावात पोचली. पाऊस लागून होता. शाळेच्या मैदानात तंबू टाकला होता. मलमपट्ट्या संपल्या, म्हणून मी गाडीकडं निघाले. जवळचा रस्ता म्हणून मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत शिरले. गल्ली कसली, नुसते दगड. तिथं हाक आली. पोरीचा आवाज. अव्वा, अव्वा. आणि आतून दगडावर दगड वाजवत होती. मी खाली बसले. म्हणलं, बाळ, मी आले, थांब, माणसं आणते. ती गप झाली. ऐकत होती ना. तेवढ्यात जमीन परत हलली. बारीकसाच धक्का. पण माझ्या डोक्यावर एक भिंत लोंबत होती. मी पळाले."

मी विचारलं, "मग?"

"तंबूत एक बाळंतीण अडली होती. तिच्यात गुंतले. मुलगा झाला. अंधार पडायच्या बेताला सैनिक चहा पीत होते, माझ्यापासून दहा पावलांवर. एक शब्द बोलायचा होता. पण बोलले असते तर म्हणाले असते, सिस्टर, चला, दाखवा कुठं. परत त्या भिंतीखाली जावं लागलं असतं." मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "सकाळी गेले. आवाज नव्हता. एकतीस वर्षं देवाला सांगत आले, कामात विसरले, क्षमा कर. विसरले नव्हते जगदेवी. भ्याले होते. आणि ती पोर माझ्या भरवशावर गप बसली."

मी उठले. चपला कशा घातल्या आठवत नाही. दारात त्यांचा आवाज आला. "तू कळा देत होतीस तवा मी माहेर विचारलं. तू गावाचं नाव सांगितलंस."

१२ मार्च

गेले नाही. जाणार नाही.

म्हणजे तो हात धरणं माझ्यासाठी नव्हतं. स्वेटर माझ्या पोरीसाठी नव्हते. चौदा वर्षं मी जिला माया समजले ती फेड होती, आणि फेडही दुसऱ्याचीच. आज कपाट आवरताना उरलेले पाचही स्वेटर बाहेर काढले, टाकायला. शिवप्रिया म्हणाली, "आई, हा अजून येतो मला." परत ठेवले.

लहान मुलगी अव्वा म्हणून हाक मारत होती. आमच्या गावात सगळ्याच पोरी अव्वा म्हणायच्या. पण मला एकच आवाज ऐकू येतो.

१६ मार्च, रविवार. मुरूम.

पहिल्या एसटीनं मामांकडे आले. मामा अंगणात बसून होते, मामी देवळात गेलेली. मी चहा होऊ दिला नाही.

"मामा, खरं सांगा. अक्का झोपेत गेली का?"

मामांनी लगेच हो म्हणायला तोंड उघडलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मिटलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही सांगा."

मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "तिसऱ्या दिवशी दुपारी काढली. दोन तुळयांच्या मधी जागा झाली हुती. बसलेली हुती बाळ. झोपलेली न्हवती, बसलेली. अंगावर खरचटलेलंबी न्हवतं. आपल्यात बसवतेत ना, तशी. म्या मनाला म्हणलं, देवानंच बसवली. जाळताना तेवढंच एक समाधान."

"म्हणजे जिवंत होती."

"कवापत्तर, ते म्हायीत न्हाय."

"तुम्ही पहिल्या दिवशी गेला नव्हता का?"

"गेलतो की. सांजच्यापत्तर दगडं उपसली. लोकं म्हणली, ह्या घरात कायबी उरलं न्हाय. तेवढ्यात सांगावा आला." मामांनी टोपी उचलून परत घातली. "तुला ताप भरला हुता. फणफणलीवतीस. मामीला सुधरंना. म्या परत आलो. दुसरा दिवस सगळा तुला मांडीवर घिऊन बसलो."

मामी आली तेव्हा आम्ही दोघं तसेच बसलेलो. तिनं विचारलं, जेवणार का. आम्ही जेवलो.

१७ मार्च

एसटीत झोप लागली नाही. एक माणूस खरं सांगत नाही आणि मी एकतीस वर्षं निवांत जगते. दुसरं माणूस खरं सांगतं आणि मला दहा दिवस घास जात नाही. ह्यातलं कुणी माझ्यावर जास्त माया केली? स्तोत्रातला तो भांडखोर माणूस असता तर त्यालाच विचारलं असतं.

मला ताप आला होता. हे मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

हे आपणहून म्हणाले, "जाऊन ये एकदा. ती म्हातारी जेवत न्हाय म्हणं." ह्यांना मी सगळं सांगितलेलं नाही, भांडण झालं एवढंच. "तिचा पुतण्या आलाय सोलापूरचा. घिऊन जाणारय कायमचं."

गेले. दावीद सामान बांधत होता. सिस्टर खाटेवर, अंगात शक्ती नाही. माझी चाहूल ओळखली. "वाचायला आलीस?"

"न्हाय."

"बरं."

मी पुस्तक हातात घेतलं नाही. भात कालवला आणि भरवला. चार घास खाल्ले. मग माझं मनगट धरलं. "मी माफी मागितली न्हाय त्या दिवशी. मागायला तोंड न्हाय म्हणून. देव माफ करतो, हजार वेळा वाचलंय. पण पोर तर तुमची होती. देवानं परस्पर माफ केलं तर त्या पोरीनं काय करायचं?"

मी म्हटलं, "जायच्या आधी एकदा गावात चला माझ्यासोबत. कुठं ते दाखवा."

का म्हटलं, मला माहीत नाही. शिक्षा म्हणून म्हटलं असेल. आंधळ्या माणसाला दाखवा म्हणणं.

२८ मार्च, शुक्रवार

दावीदच्या गाडीतून गेलो. नवं गाव रस्त्याला लागून आहे, सरळ रांगेत बांधलेली घरं. जुन्या गावाकडे कुणी फारसं फिरकत नाही. बाभळी, तण, दगडांचे ढीग. मारुतीचं देऊळ तेवढं उभं, त्याला कुणी तरी नवा शेंदरी रंग दिलेला.

दावीद गाडीपाशी थांबला. मी सिस्टरांना कोपराला धरून चालवलं. देवळाच्या पायरीला हात लावून त्या उभ्या राहिल्या. "देऊळ उजव्या हाताला होतं. मग वळण. मग तीसेक पावलं." पावलं मोजत निघाल्या. ठेचाळल्या, तरी मोजणं सोडलं नाही. एका ढिगापाशी थांबल्या.

"इथं."

मी आजूबाजूला बघितलं.

आमचं घर इथं नव्हतं. आमचं घर गावाच्या त्या टोकाला, आडाच्या पलीकडे, चिंचेपाशी. दर तीस सप्टेंबरला मामा मला मागच्या वाटेनं तिथं घेऊन येतात, नारळ फोडतात; देवळाच्या ह्या बाजूला मी लहानपणापासून आलेच नव्हते. इथून ती चिंच दिसतसुद्धा नाही. इथली हाक अक्काची नव्हती. अक्काची हाक कुणी ऐकलीच नव्हती.

सिस्टरांनी चपला काढल्या. चाचपडत खाली बसल्या, दोन्ही तळवे दगडावर टेकले.

"हेच ना गं तुमचं घर?"

लांबून दावीद फोनवर बोलत होता, त्याचं हसणं ऐकू येत होतं.

"व्हय," मी म्हटलं. "हेच."

"बाळ, मी आले," त्या म्हणाल्या. मला नाही, दगडाला. मग रडल्या. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "सिस्टर, म्या माफ केलं."

"तिच्या वतीनं?"

"तिच्या वतीनं."

उठताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. गाडीत बसल्यावर पाय मांडीवर घेऊन काढला.

२ एप्रिल

सिस्टर सोलापूरला गेल्या. पुस्तक मला देत होत्या, मी घेतलं नाही. पण त्यातलं एक डोक्यातून जात नाही. येशू एका लुळ्या माणसाला म्हणतो, तुझी पापं माफ केली, तर तिथले शास्त्री कुरकुर करतात की देवाशिवाय हा अधिकार कुणाला. वाचताना मला ती माणसं खडूस वाटली होती. आता वाटतं, विचारलं ते बरोबरच विचारलं. मी कोण होते? जी पोर माझी नाही तिच्या नावानं मी माफी वाटून आले. तीसुद्धा खोटं सांगून.

दावीदचा फोन होता. "आत्या जेवती आता. झोपबी लागती. रोज गायत्री म्हणून कुणासाठी तरी प्रार्थना करती. कोण हाय ही?" मी म्हटलं, माझी बहीण.

६ एप्रिल, रविवार

मामांना फोन केला. "मारुतीच्या मागच्या गल्लीत, तीस पावलांवर कुणाचं घर होतं?"

"बिराप्पाचं. का?"

"त्यांच्यातलं कुणी आहे?"

"न्हाय गं. समदं घर गेलं. एकबी उरलं न्हाय."

"मुलगी होती का?"

"असंल. नाव काय ध्यानात न्हाय."

म्हणजे माफ करायला माणूसच नाही. रागवायलाही नाही. आज पूजेला बसले, हातात लिंग घेतलं आणि कुणासाठी मागायचं तेच सुचेना. नाव नसलेल्या पोरीसाठी कसं मागतात?

१५ एप्रिल

मामांचा फोन. आपणहून. नव्या गावातल्या हणमंतप्पाला गाठून विचारलं म्हणे. तो शाळेत त्या घरातल्या पोरीच्याच वर्गात होता.

"रुद्रम्मा," मामा म्हणाले. "आठ-नऊ वर्साची. कविता म्हणायची म्हणं वर्गात, मोठ्यांदा." मग, "तुला कशाला पायजे गं?"

मी म्हटलं, असंच.

१९ एप्रिल, शनिवार

दुपारी सोलापूरला फोन लावला. दावीदनं सिस्टरांच्या कानाला धरला. आवाज खणखणीत. उद्या त्यांचा सण, पुनरुत्थानाचा. चर्चला जाणार म्हणाल्या. शिवप्रियाची परीक्षा विचारली, ह्यांचं विचारलं. मी खूप वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिले. सांगायचं की नाही, हे फोन लावेपर्यंत ठरलं नव्हतं, बोलतानाही ठरलं नाही. एकदा बरं झालेलं माणूस मी परत आजारी पाडायचं का? पण ती पोर. तिच्यासाठी अख्ख्या जगात कुणीच काही मागत नाही.

शेवटी म्हटलं, "सिस्टर, गायत्रीसाठी मागता ना, तेव्हा अजून एक नाव घेत जा."

"कुणाचं?"

"आमच्याच गावची होती. त्याच वेळी गेली. रुद्रम्मा."

दावीदला म्हणाल्या, फोन माझ्या हातात दे.

"कुठं राहायची?"

मी काहीच बोलले नाही. बोलायला हवं होतं. मारुतीच्या मागं, एवढंच तर सांगायचं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "रुद्रम्मा." परत एकदा म्हणाल्या, सावकाश, "रुद्रम्मा." मग म्हणाल्या, "जगदेवी, तू मला लई सांभाळलंस गं."

आवाज एकदम खोल गेल्यासारखा झाला, नीट ऐकू येईना. तिकडं रेंज नसावी.